ऊन, वारा आणि ओली वस्त्रे

धुतलेली वस्त्रे उन्हाने वाळतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आभाळ भरून आले की घरातील वडीलधारी स्त्री म्हणते, "आज ऊन नाही, कपडे वाळायचे नाहीत." ऊन पडले की तीच लगबगीने बादली उचलून अंगणात जाते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवावर आधारलेली ही समजूत सर्वस्वी खोटी कशी म्हणता येईल? परंतु ती पुरतेपणी खरीही नाही. वस्त्रे वाळण्याचे सारे श्रेय उन्हाला देण्यात इतरांवर अन्याय होतो; आणि या अन्यायाची शिक्षा वाऱ्याला किंवा हवेला होत नाही, ती माणसालाच भोगावी लागते. पावसाळ्यात ऊन नाही म्हणून ओले कपडे खोलीत टांगावयाचे आणि गारवा नको म्हणून तिच्या खिडक्याही लावून घ्यावयाच्या, ही चूक त्या अर्धवट समजुतीतूनच जन्मास येते. कपडे कुबट होतात, भिंतींना बुरशी धरते, आणि ओलसर गणवेश अंगावर चढवून मुले शाळेत जातात.

ऊन हेच जर वाळण्याचे कारण असते, तर रात्री काहीच वाळावयास नको होते. पण विदर्भातील वैशाख पाहा. नागपूर, अकोला या भागांत त्या दिवसांत निजण्यापूर्वी दोरीवर टाकलेला पंचा पहाटे पाहावा तर कोरडा ठणठणीत असतो. त्याने सूर्याचे तोंडही पाहिलेले नसते. उलट कोकणात पाऊस उघडून तासाभराचे ऊन पडले, तरी ज्येष्ठ-आषाढातील त्या उन्हात जाड सतरंजी ओलीच राहते. हिमालयातील उंचावरच्या गावांत हिवाळ्यात तर याहून नवल घडते. तेथे दोरीवर घातलेला सदरा गोठून पत्र्यासारखा ताठ होतो, आणि तरीही काही काळाने तो वाळतो. त्यातील बर्फ वितळून पाणी होण्याची वाटही न पाहता थेट वाफेच्या रूपाने हवेत निघून जातो. या क्रियेला संप्लवन म्हणतात. तेव्हा नुसत्या उन्हाकडे बोट दाखवून भागत नाही. ओले वस्त्र वाळते म्हणजे नेमके काय होते, हे आधी पाहिले पाहिजे.

पाण्याचे रेणू कधीही स्वस्थ नसतात. ते सतत धावत, एकमेकांवर आदळत असतात. त्यांतील काही इतरांहून अधिक वेगवान असतात. ते पृष्ठभागापाशी आले की सोबत्यांची ओढ तोडून हवेत निसटतात. हेच बाष्पीभवन होय. त्यासाठी पाणी उकळावे लागत नाही. कोणत्याही तापमानास ते चालूच असते. मात्र याची दुसरी बाजू बहुधा विसरली जाते. हवेत आधीच बाष्प असते आणि त्याचेही रेणू वस्त्रावर आदळून पुन्हा पाण्यात मिसळत असतात. म्हणजे ओले वस्त्र एकाच वेळी पाणी देतही असते आणि घेतही असते. जाणारे रेणू अधिक आणि येणारे कमी असतील, तर वस्त्र वाळते. दोन्ही संख्या सारख्या झाल्या, की दिवसभर दोरीवर राहूनही ते होते तसेच ओले राहते. अशा हवेला बाष्पाने संपृक्त झालेली हवा म्हणतात. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन डाल्टन याने 1802 च्या सुमारास हाच हिशेब मांडला. पाण्याचा बाष्पदाब आणि हवेत आधीपासून असलेल्या बाष्पाचा दाब यांतील फरक जितका मोठा, तितके बाष्पीभवन जलद, असे त्याने प्रयोगांनी दाखविले.

हवेत किती बाष्प मावते हे तिच्या तापमानावर अवलंबून असते. ('मावते' हा केवळ बोलण्याच्या सोयीचा शब्द, हवा म्हणजे काही पाणी भरण्याची घागर नव्हे.) 20 अंश सेल्सियस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे 17 ग्रॅम बाष्प राहू शकते, 30 अंशांना सुमारे 30 ग्रॅम, तर 40 अंशांना सुमारे 51 ग्रॅम. या मर्यादेच्या मानाने हवेत प्रत्यक्ष किती बाष्प आहे, ते शेकडेवारीत सांगितले म्हणजे ती सापेक्ष आर्द्रता होय. आता दोन ठिकाणची हवा शेजारी शेजारी ठेवून पाहावी. एक विदर्भातील वैशाखी दुपारची: तापमान 42 अंश, आर्द्रता शेकडा 20. दुसरी किनाऱ्यावरील आषाढाची: तापमान 27 अंश, आर्द्रता शेकडा 90. पहिल्या हवेचा एक घनमीटर आणखी सुमारे 45 ग्रॅम पाणी घेऊ शकतो. दुसऱ्या हवेला अडीच ग्रॅम घेतानाही जड जाते. एकीकडे भुकेला पाहुणा आणि दुसरीकडे गळ्यापर्यंत जेवलेला पाहुणा! पान दोघांपुढे सारखेच वाढलेले असले तरी ते एकाच वेळात रिकामे होणार नाही.

येथे उन्हाचा कैवारी म्हणेल, वैशाखातील हवा तापते ती उन्हानेच ना? अर्थात. उन्हाचे उपकार कोणी नाकारीत नाही. पाण्याची वाफ व्हावयास उष्णता लागते, आणि ती थोडीथोडकी नव्हे. 30 अंश तापमानाच्या एका ग्रॅम पाण्याची त्याच तापमानास वाफ करण्यासाठी सुमारे 580 कॅलरी खर्च होतात. तेच एक ग्रॅम पाणी गोठणबिंदूपासून उत्कलनबिंदूपर्यंत तापविण्यास केवळ 100 कॅलरी पुरतात. ही उष्णता तापमान न वाढविता वाफेत दडून राहते, म्हणून तिला सुप्त उष्मा असे नाव पडले. अठराव्या शतकात जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने तिचा शोध लावला. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात एक चौरस मीटर जागेवर सुमारे 1000 वॉट इतकी शक्ती ओतली जात असते. उन्हातले वस्त्र भोवतालच्या हवेहूनही तापते, त्यातील रेणूंचा वेग वाढतो आणि ते भराभर निसटतात. शिवाय उन्हातील अतिनील किरणांनी पुष्कळसे रोगजंतू मरतात. तान्ह्या बाळाची दुपटी आणि आजाऱ्याची अंथरुणे उन्हात घालण्याची रीत त्यामुळेच शहाणपणाची आहे. तेच किरण रंगीत वस्त्रांचे रंगही उडवितात, म्हणून गडद रंगाचे लुगडे उलटे करून किंवा सावलीत वाळत घालतात.

पण बाष्पीभवनाचा हा खर्च उन्हानेच भागविला पाहिजे असा नियम नाही. सावलीतल्या ओल्या फडक्यातून पाणी उडू लागले की जाणारी वाफ फडक्यातलीच उष्णता घेऊन जाते आणि फडके थंड होते. मग भोवतालच्या उबदार हवेतून उष्णता त्या थंड फडक्याकडे वाहू लागते. ओले वस्त्र असे हवेकडूनच कर्ज काढते आणि वाळते. माठातले पाणी थंड होते ते याच कारणाने. विदर्भात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून खोली गार करीत, आणि आजचे कूलरही त्याच तत्त्वावर चालतात. तोच कूलर मुंबईत आणून पावसाळ्यात लावला, तर त्याचा गारवा जाणवत नाही. नुसता दमटपणा तेवढा वाढतो. ज्या हवेत कूलर चालत नाही त्या हवेत कपडेही वाळत नाहीत. दोन्ही तक्रारी एकच आहेत.

हवामानशास्त्रज्ञांनी तर या साध्या ओल्या फडक्यालाच मापनयंत्राचा मान दिला आहे. भारताचे हवामान खाते 1875 साली स्थापन झाले. त्याचे मुख्य कार्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्यास आले, म्हणून शिवाजीनगरची ती इमारत 'सिमला ऑफिस' या नावानेच ओळखली जाऊ लागली. पुढे मुख्य कार्यालय दिल्लीस गेले, तरी पुणेकरांनी नाव काही बदलले नाही. हवामानाच्या वेधशाळांत झडपांची एक पांढरी लाकडी पेटी उंच पायांवर उभी असते. तिच्यात दोन तापमापक असतात. एक तसाच उघडा. दुसऱ्याच्या फुग्याभोवती तलम कापड गुंडाळून त्याची वात पाण्याच्या भांड्यात सोडलेली असते. बाष्पीभवनामुळे दुसऱ्या तापमापकाचा पारा खाली उतरतो. हवा कोरडी असेल तर तो पुष्कळ उतरतो. दमट असेल तर जेमतेम हलतो. कोरडा तापमापक 40 अंश आणि ओला 22 अंश दाखवीत असेल, तर आर्द्रता शेकडा 20 च्या आसपास आहे असे समजावे. कोरडा 27 आणि ओला 26 असेल, तर ती शेकडा 90 च्याही वर गेलेली असते.

वाळत घातलेल्या वस्त्रांविषयीचे सर्वांत मोलाचे ज्ञान या दोन अंकांच्या वजाबाकीत आहे. सावलीतील वस्त्राला हवेकडून किती वेगाने उष्णता मिळणार, हे या फरकावर ठरते. पहिल्या ठिकाणी फरक 18 अंशांचा, दुसऱ्या ठिकाणी केवळ एका अंशाचा. वारा दोन्हीकडे सारखाच वाहत असेल, तर ढोबळ मानाने पहिल्या ठिकाणी जो रुमाल अर्ध्या तासात वाळेल, त्याला दुसऱ्या ठिकाणी नऊ तास लागतील. आषाढात पंचा सकाळी वलणीवर टाकला तर रात्रीपर्यंत हातास गारच का लागतो, याचे उत्तर तेथे मिळते. त्यात धुणाऱ्याचा दोष नाही, साबणाचा तर नाहीच नाही.

आता वाऱ्याकडे वळले पाहिजे. ओल्या वस्त्राला चिकटून हवेचा एक पातळ थर असतो. वस्त्रातून निघालेले बाष्प प्रथम त्या थरात साठते आणि तो थर लवकरच संपृक्त होतो. भोवतालची हवा कितीही कोरडी असली, तरी हा थर जागचा हलला नाही तर वाळण्याची गती मंदावते. वारा तो थर उडवून लावतो आणि त्याच्या जागी नवी हवा आणतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणून वाळण्याचा वेगही दुप्पट होतो असे नाही. परंतु अगदी निवांत हवा आणि मंद झुळूक यांत जो फरक पडतो तो फारच मोठा असतो. याच कारणाने कपडे एकमेकांवर दाटीने घालू नयेत. दोन चादरींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत अडकलेली हवा त्या दोघींनीच ओली केलेली असते. लुगडे चौपदरी घडी घालून टाकले तर आतल्या पदरांना वारा लागत नाही; तेच लांब पसरले तर दोन्ही अंगांनी वाळते. सदरा झटकून, बाह्या मोकळ्या करून घालण्याची जी शिकवण घरोघरी मिळते, ती नीटनेटकेपणाची शिकवण आहे तितकीच भौतिकशास्त्राचीही आहे.

तथापि वाऱ्याचीही फाजील स्तुती करण्याचे कारण नाही. आषाढात अरबी समुद्रावरून येणारा वारा काय थोडा जोराचा असतो? तो माड वाकवितो, छपरांवरील कौले उडवितो. परंतु तो समुद्रावरून येतानाच बाष्पाने लादलेला असतो. एक संपृक्त थर नेऊन त्याच्या जागी जवळजवळ तितकाच संपृक्त थर तो आणून ठेवतो. याच्या उलट, देशावर पौष महिन्यातील दुपारची हवा वैशाखाइतकी तापलेली नसते, पण ती कोरडी असते. त्या थंडीत कपडे चांगले वाळतात, आणि हात-पाय व ओठही उलतात. त्वचेतील आणि वस्त्रांतील पाणी हवा सारख्याच तत्परतेने उचलते. निवाडा करावयाचाच झाला तर असे म्हणावे लागेल, की पाणी घेणारी असते कोरडी हवा, ते वाहून नेणारा असतो वारा, आणि या व्यवहाराचा खर्च भागविण्यास मदत करते ऊन. तिघांत पहिला मान कोरड्या हवेचा आहे, आणि नेमके तिचेच नाव घरात कोणी घेत नाही. कारण ऊन दिसते, वारा अंगास लागतो, कोरडेपणा मात्र दिसतही नाही आणि पटकन जाणवतही नाही.

ज्यास हे पटत नसेल त्याने दोन सारखे सुती रुमाल घ्यावेत, ते सारखेच भिजवून पिळावेत आणि स्वयंपाकघरातील काट्यावर त्यांचे वजन करावे. एक उन्हात पण आडोशाला, जेथे वारा लागत नाही अशा जागी घालावा. दुसरा सावलीत, वाहत्या वाऱ्यात घालावा. दर पंधरा मिनिटांनी वजन करून वहीत लिहावे. हाच प्रयोग मार्गशीर्षात, चैत्रात आणि भाद्रपदात करावा. उन्हातला रुमाल दर वेळी जिंकेलच असे नाही. हात लावून 'वाळला वाटतं' असे म्हणण्यापेक्षा काटा अधिक खरे बोलतो.

या प्रयोगात आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. पावसाळ्यात रुमाल कितीही वेळ ठेवला तरी त्याचे वजन उन्हाळ्यातल्या इतके खाली उतरत नाही. कापसाच्या तंतूंना पाण्याची मोठी आवड आहे. मध्यम आर्द्रतेच्या हवेत कोरड्या म्हणविल्या जाणाऱ्या सुती कापडातही त्याच्या वजनाच्या शेकडा सात-आठ भाग पाणी असतेच. लोकरीत ते याहून बरेच अधिक असते, आणि पॉलिएस्टरमध्ये शेकडा अर्धा भागही नसते. हवा दमट झाली की सुती कापड तिच्यातून आणखी पाणी शोषून घेते. पावसाळ्यात कपाटातून काढलेला, दोन दिवसांपूर्वी वाळलेला सदराही गार आणि दमट लागतो तो यामुळेच. पॉलिएस्टर मिसळलेला गणवेश लवकर वाळतो हे खरे, परंतु उन्हाळ्यात घाम टिपण्याच्या कामी तो सुती कापडाची बरोबरी करू शकत नाही. उन्हाळ्यात एक वरचढ ठरते तर पावसाळ्यात दुसरे.

आता बंद खोलीत कपडे वाळत घालण्याचा हिशेब करू जावे. चार माणसांच्या घरात एका दिवसाचे धुणे कोरडे असताना चार किलो भरते असे धरले, तर हाताने पिळल्यावरही त्यात तीन-चार लिटर पाणी सहज उरते. खोली दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच असेल, तर तिच्यात सुमारे 28 घनमीटर हवा असते. तापमान 27 अंश आणि आर्द्रता शेकडा 80 असताना त्या साऱ्या हवेत मिळून आणखी जेमतेम 150 ग्रॅम बाष्प मावेल. म्हणजे तीन-चार लिटर पाण्यापैकी एक पेलाभर उडाले, की खोलीतील हवा तृप्त झाली! पुढे रात्रभर कपडे तसेच टांगलेले राहिले तरी ते वाळणार नाहीत. खिडक्या लावून नुसता पंखा चालू ठेवणे म्हणजे तीच ओली हवा पुन्हा पुन्हा कपड्यांवर फिरविणे होय. धुणे वाळावयाचे तर खोलीतील हवा वीस-पंचवीस वेळा तरी समूळ बदलली पाहिजे. बाहेर पाऊस पडत असताना समोरासमोरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवून पंखा लावावा, असे सांगितले तर पुष्कळांना ते विपरीत वाटते. 'बाहेरची ओल आत येईल' अशी भीती त्यांना वाटते. परंतु ओले कपडे, माणसांचा श्वास आणि चुलीवरचे आधण यांनी भरलेली खोलीची हवा बहुधा बाहेरच्या हवेहून अधिक ओली असते. पावसाचे थेंब आत येऊ देऊ नयेत, हवा येऊ द्यावी.

ही गोष्ट केवळ सोयीची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली घरांतील ओल आणि बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दमट, बुरशीच्या घरांत राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी आणि दमा यांचा धोका वाढतो, असे तीत नमूद आहे. एका खोलीत चूल, अंथरुणे, अभ्यास आणि वाळत घातलेले कपडे असे सर्व एकत्र असणाऱ्या कुटुंबांना हा धोका सर्वांत अधिक आहे.

कोकणातील जुन्या घरांनी हा प्रश्न पुष्कळसा सोडविला होता. घराला पुढेमागे पडवी असे. तिच्यावर छपराचे पाखे खाली उतरलेले असत, बाजू मात्र उघड्या. पाऊस आत येत नसे आणि वारा अडत नसे. पडवीतील आडव्या काठीवर टाकलेले धोतर एका दिवसात वाळले नाही तरी दुसऱ्या दिवशी वाळे, आणि घरातील माणसे आत कोरड्या जागी निजत. लहान मुलांच्या दुपट्यांसाठी तर शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर ती पसरण्याची रीत होती. शेगडीने हवा तापते, तापलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता उतरते, आणि टोपलीच्या भोकांतून ती वर चढताना दुपट्यातील पाणी घेऊन जाते. ज्या आज्यांनी ही युक्ती काढली, त्यांनी सापेक्ष आर्द्रता हा शब्दही ऐकला नव्हता. मुंबईच्या जुन्या चाळींच्या लांब लांब गॅलऱ्यांनीही हेच काम केले. त्या गॅलरीतील दोऱ्यांवर फडफडणारे रंगीबेरंगी कपडे पाहून बाहेरचे लोक कदाचित नाके मुरडीत असतील. परंतु ते कपडे खोल्यांच्या बाहेर होते, ही त्या इमारतींची बुद्धिमत्ता होती.

नव्या इमारती बांधताना हे शहाणपण हरवत चालले आहे. सदनिकेच्या नकाशात मोटार ठेवण्याची जागा मोजूनमापून दाखवितात. धुणे वाळविण्याची जागा शोधून सापडत नाही. गॅलऱ्या आत घेऊन खोल्या मोठ्या करतात. गच्चीला कुलूप असते आणि किल्ली मागावयास जावे तर शंभर प्रश्न. काही इमारतींत तर दर्शनी बाजूस कपडे वाळत घालण्यास मनाई करणारा नियमच असतो, कारण त्याने म्हणे इमारतीची शोभा जाते. वरच्या मजल्यावरील कपड्यांचे पाणी खालच्या मजल्यावरील वाळलेल्या चादरीवर ठिबकते, ही तक्रार मात्र खरी आहे आणि तिचा विचार झालाच पाहिजे. ती दूर करण्यास कपडे नीट पिळणे आणि दोरीखाली पन्हळ बसविणे पुरेसे आहे. शोभेची तक्रार तितक्या मानाची नाही. इमारत पाहणारा क्षणभर पाहतो. तिच्यात राहणारा रोज धुणे धुतो. जी शोभा राखण्यासाठी घरातील भिंती ओल्या कराव्या लागतात आणि मुलांना खोकला लागतो, ती शोभा फार महागात पडते.

यावर कोणी विजेच्या वाळवणयंत्राचा उपाय सुचवील. यंत्र वाईट नाही. परंतु सुप्त उष्म्याचा जो हिशेब वर आला आहे, त्याच्यापासून यंत्राचीही सुटका नाही. एक लिटर पाण्याची वाफ करावयास विजेच्या सुमारे दोन-तृतीयांश युनिटाइतकी ऊर्जा लागतेच. नुसत्या तापतारेवर चालणाऱ्या यंत्रात प्रत्यक्ष खर्च याहून अधिक येतो. वाफेतील उष्णता परत मिळविणाऱ्या नव्या यंत्रांत तो कमी येतो, पण ती यंत्रे महाग असतात. पाणी पिळून किंवा यंत्रात गरगर फिरवून काढण्यास मात्र या ऊर्जेचा अल्पसा अंशही लागत नाही, कारण तेथे पाण्याची वाफ करावी लागत नाही. ते पाण्याच्याच रूपाने बाहेर पडते. यास्तव पिळण्यात दोन मिनिटे अधिक घालविणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. दोन जणांनी चादरीची दोन टोके धरून उलटसुलट पीळ दिला, तर एकट्याच्या हाताने न निघणारे कितीतरी पाणी निघते. हे काम घरातील एकट्या स्त्रीवर टाकून बाकीच्यांनी आभाळाकडे पाहत बसणे रास्त नव्हे. धुणे दोरीवर असताना तिचा एक डोळा सदैव ढगांकडे असतो. एक सर आली की हातातले काम टाकून ती धावते. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला दोरी सहज हाताशी येते.

शाळांनीही या हवेचा विचार केला पाहिजे. पुष्कळ विद्यार्थ्यांपाशी गणवेशाचा एकच जोड असतो, फार तर दोन. आषाढात एक जोड सकाळी भिजला तर दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेपर्यंत तो वाळणे, वर सांगितलेल्या हिशेबाने, पुष्कळदा अशक्यच असते. त्यात त्या मुलाचा हलगर्जीपणा नाही आणि त्याच्या आईचाही नाही. हवेतच जागा उरलेली नसते. अशा वेळी साध्या पण कोरड्या कपड्यांत आलेल्या विद्यार्थ्यास वर्गाबाहेर उभे करणे अन्यायाचे आहे. गणवेश सर्वांना एका पातळीवर आणण्यासाठी असतो. पावसाळ्यात तो सक्तीचा ठेवला म्हणजे ज्याच्या घरी दोन जोड आणि मोठी गॅलरी आहे तो कोरडा बसतो, आणि ज्याच्या घरी एक जोड आणि एक खोली आहे तो ओला बसतो किंवा दंड भरतो. ओला सदरा अंगावरच वाळू लागला तर त्याच्या बाष्पीभवनाचा खर्च कोण भागवितो? ऊन नव्हे आणि हवाही नव्हे. त्या मुलाच्या अंगातली ऊब. एका सदऱ्यात राहिलेले 200 ग्रॅम पाणी उडवावयास लाखाहून अधिक कॅलरी लागतात, आणि वर्गात कुडकुडत बसलेल्या मुलाला त्यांतला मोठा वाटा आपल्या देहातून द्यावा लागतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांपुरता 'कोरडा असेल तो कपडा चालेल' एवढा एक नियम करण्यास कोणत्याही शाळेला पैसा लागत नाही. वर्गाच्या मागील भिंतीशी, खिडक्यांच्या रेषेत एक दोरी बांधून ठेवली, तर ओल्या छत्र्या आणि रेनकोट यांनाही बाकांवरून हलविता येईल.